ओठाने तपासलेलं लाकूड

वन्सं,

तुम्ही गेल्यावर कारखान्याच्या दारात तुमच्यासाठी फळा लावला होता. त्यावर लिहिलं होतं, 'कष्टाळू, मनमिळाऊ आणि शांत स्वभावाच्या'. कष्टाळू ठीक आहे. पण मनमिळाऊ? कुणाशी मिळालं हो तुमचं मन? सख्ख्या भावाशी, म्हणजे माझ्या नवऱ्याशी, तुम्ही एका टेबलपंख्यावरून वर्षभर बोलत नव्हता. आणि शांत तर तुम्ही झोपेतही नव्हता. भिंतीपलीकडून तुमचं घोरणं ऐकू यायचं, आणि घोरणं थांबलं की खोकणं. फळा वाचून मी तिथल्या कारकुनाला विचारलं, "अहो, हा दुसऱ्याच कुणाचा लावलाय का?" तो बिचारा नाव तपासायला लागला.

म्हणून हे लिहायला घेतलं. तुम्हाला वाचता येणार नाही हे मला कळतं, मला अजून म्हातारचळ लागलेला नाही. पण तुमच्याबद्दल बोलायचं आणि तुम्हाला वगळून बोलायचं, हे माझ्याच्याने होत नाही. माझं लग्न झालं तेव्हापासून आपण एका भिंतीच्या दोन बाजूंना राहिलो. तुम्ही मला 'कॉलेजवाली' म्हणालात, मी तुम्हाला 'वन्सं' म्हणाले, आणि दोन्हीत आदर सारखाच कमी होता. आता जरा तुमच्याकडे पाठ करून बाकीच्यांशी बोलते. मध्ये काही सांगायचं असेल तर खाकरा.

तर, माझी मोठी नणंद दगड घासायची. साधा दगड नव्हे. फार पूर्वी पडलेली झाडं मातीखाली दबून राहतात, त्यांचं लाकूड हळूहळू जातं आणि त्याच्या जागी दगड येऊन बसतो. साल, गाठी, वर्षावर्षाची कडी, सगळं जसंच्या तसं. बघणारा फसतो आणि उचलायला गेला की मनगट धरून बसतो. असे ओंडके ट्रकने कारखान्यात यायचे, करवतीवर त्यांच्या चकत्या पडायच्या, आणि त्या घासून, आरशासारख्या चमकवून कुठल्यातरी बड्या लोकांच्या बैठकीत टेबलं म्हणून जायच्या. कारखान्यात त्याला नुसतं 'लाकूड' म्हणत. सुताराकडे असतं ते 'कच्चं लाकूड'. वन्सं आमच्या जेवणाच्या टेबलावर टिचकी मारून म्हणायच्या, "कच्चं आहे. अजून लाखभर वर्षं ठेवा."

घासाईच्या खोलीत खिडकीकडे चाकांची एक रांग होती. प्रत्येक चाकापुढे एक जागा, आणि ती जागा माणसाची. तिथली रीत अशी की ज्याची जागा त्यानेच ती पुढे द्यायची. आपण शिकवलेल्या माणसाच्या हातची एक चकती, पहिल्या घासाईपासून शेवटच्या चमकेपर्यंत त्या एकट्याने केलेली, जुन्या कारागिराने मालकापुढे नेऊन ठेवायची आणि म्हणायचं, "माझ्या जागी हा." मालक चकती उजेडात तिरकी धरून बघतो, मान हलवतो, झालं. कागद नाही, सही नाही. शिकलेल्या माणसाने तिथे यायचं नसतं. आपल्या कामाची वाखाणणी समोर उभं राहून ऐकू नये म्हणून असेल. पण कारागीर जागा न देताच गेला, तर जागा मालकाची.

माझ्या सासऱ्यांनी त्यांची जागा वन्संना अशीच दिली. नवरा गेला आणि वन्सं कडेवर मुलगी घेऊन माहेरी आल्या, तेव्हा घरात सगळे हळहळत बसले होते. सासऱ्यांनी मात्र त्यांना हाताला धरून कारखान्यात नेलं. म्हणाले, "रडायचं तर चाकापाशी रड. त्या आवाजात कुणाला ऐकू जात नाही."

त्या काळी पहिली घासाई कोरडी चालायची. पाणी सोडलं की काम सावकाश होतं, बोटं गारठतात, आणि मालकाला माल हवा असतो. संध्याकाळी वन्सं घरी यायच्या त्या भुवयांपासून पायापर्यंत पांढऱ्या. दारात उभं राहून भुवया झटकायच्या आणि म्हणायच्या, "बघा, एका दिवसात म्हातारी झाले." आम्ही सगळे हसायचो. पुढे चाकांवर पाण्याच्या नळ्या आल्या, पण तोवर त्या रांगेतल्या सगळ्यांना एकाच चालीचा खोकला लागलेला होता.

वन्संची मुलगी लग्नानंतर काही वर्षांत आजारपणात गेली. जावयाने दुसरा संसार मांडला, आणि त्याची पहिली मुलगी, म्हणजे वन्संची नात, आमच्याकडे आली. तिला आम्ही खार म्हणायचो, कारण ती सतत काहीतरी कुरतडायची. पेन्सिली, बाह्यांची टोकं, माझ्या पुस्तकांचे कोपरे. शाळेची शेवटची परीक्षा तिला काही सुटली नाही. मी शिकवलं तिला, नाही असं नाही. मी शिकवत असताना ती माझ्याकडे इतक्या दयेने बघायची की शेवटी मीच वही मिटायची.

पोर वयात आली तसे बापाचे निरोप सुरू झाले. आता मोठी झाली, इकडे पाठवा, घरात हाताशी होईल. हाताशी म्हणजे काय ते मी ओळखून होते. सावत्र आईची तीन लहान मुलं आणि पडेल ते काम. खार एकदा जाऊन आली होती. आल्यावर माझ्या खोलीत येऊन म्हणाली, "मामीआजी, मला परत तिकडे पाठवलंत तर मी तिथे नुसती भांड्यांमागे दिसेन. बाकी कुठे दिसणार नाही."

त्याच सुमाराला मी वन्संना डॉक्टरकडे नेलं. ओढतच नेलं. डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो खिडकीशी धरला आणि सांगितलं की फुफ्फुसात दगडाची पूड बसली आहे.

"काढता येत नाही?" मी विचारलं.

"नाही. ती जिथे बसते तिथे फुफ्फुस कडक होत जातं. ते परत मऊ होत नाही."

"म्हणजे माझंही लाकूड झालं म्हणा की," वन्सं म्हणाल्या. "मेल्यावर चकत्या पाडा. कडी चांगली निघतील."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. मला हसू आलं, आणि त्याचा राग येऊन मी जिन्यात वन्संना खूप बोलले. त्यांनी दोन पायऱ्यांवर दोनदा बसून ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "खारीला शिकवायला घेते."

"काय?"

"घासाई. काय म्हणजे काय, भरतकाम?"

"वन्सं, आत्ता त्या बाई काय म्हणाल्या ते ऐकलंत ना?"

"ऐकलं. म्हणून तर घाई आहे."

"ज्याने तुम्हाला खाल्लं त्याच्या पुढ्यात पोरीला बसवणार?"

"मला कोरड्याने खाल्लं. ती पहिल्यापासून पाण्यात शिकेल. आणि माझ्याकडे द्यायला दुसरं आहे काय? तुझ्याकडे आहे? तुझी डिग्री बांध तिच्या गळ्यात."

"मी आहे की तिला."

"तू किती दिवस आहेस? आरशात बघ जरा जाऊन."

मी त्यांना हाताला धरून पायरीवरून उठवलं. मालकाचा मुलगा आता कारखाना बघत होता आणि त्याने वन्संना स्पष्ट सांगितलं होतं, की रीत मी मोडणार नाही, तुम्ही द्याल तिला जागा मिळेल, पण तुम्ही नाही दिलीत तर तिथे मी मशीन बसवणार आहे. म्हणजे वन्संचा श्वास आहे तोवर ती जागा. जागा मिळाली तर पोर स्वतःच्या कमाईवर इथेच राहील, नाही तर बाप. एवढं साधं गणित होतं आणि त्यात कुठूनही तिसरं काही निघत नव्हतं.

मागच्या न्हाणीघरात जुनं चाक बसवलं. मालकाने दिलं, भंगारात निघालेलं. वन्संनी भिंतीवर खिळे ठोकून चार ॲप्रन टांगले, खाली चार बादल्या मांडल्या. दगड घासायला कुरुंदाची पूड लागते आणि तिच्या चार जाती: जाडी, मधली, बारीक आणि अगदी पिठासारखी, तिला मैदा म्हणायचं. शेवटी नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, चाकावर पॉलिश. एका पुडीचं काम संपलं की ॲप्रन बदलायचा, बादली बदलायची, हात कोपरापर्यंत धुवायचे, नखं ब्रशने घासायची. कारण जाडीचा एक कण मैद्यात किंवा नमद्यावर आला तर चकतीवर चरा उठतो, आणि तो तिथल्या तिथे जात नाही. परत पहिल्या चाकावर जाऊन सगळं नव्याने.

"आजी, एका कणाने एवढं काय होतंय," खार पहिल्या दिवशी म्हणाली.

"डोळ्यात एक कण गेला तर काय होतंय?"

"पाणी येतं."

"इथे तुझ्या डोळ्यात येईल."

चकती झाली की ती पुसून, पंख्याखाली ठेवून पूर्ण वाळवायची. वन्संचा हा फार कडक नियम होता. ओला दगड कुणालाही देखणा दिसतो, म्हणायच्या, कोरडा झाल्यावर त्याचं खरं तोंड बघावं. मग डोळे मिटायचे आणि खालचा ओठ चकतीवरून सावकाश फिरवायचा. बोटांना घट्टे पडतात, ओठाला पडत नाहीत. दिसत नाही तो चराही ओठाला लागतो. मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा म्हटलं, "वन्सं, दगडाचे मुके काय घेताय?"

"नवरा गेल्यापासून हेच घेते," वन्सं डोळे न उघडता म्हणाल्या. "तक्रार केली नाही कधी त्याने."

खारीने मान खाली घातली, पण तिचे खांदे हलत होते.

पोरीचा हात चांगला होता. शाळेत जे डोक्यात शिरत नव्हतं ते इथे मनगटात शिरलं. पण चरे काही थांबेनात. चकती शेवटपर्यंत छान यायची, नमद्यावर चढायची, वन्सं वाकून ओठ लावायच्या आणि म्हणायच्या, "आहे." मग परत पहिल्या चाकावर. पुन्हा सगळं, पुन्हा "आहे." दिवस जात होते. वन्संचा श्वास स्वयंपाकघरापासून न्हाणीघरापर्यंत पुरेनासा झाला होता, मध्ये कपाटाला धरून उभं राहायला लागायचं. आणि त्या धास्तीने त्यांची जीभ सुटायची.

"नखं कापलीस का? दाखव. ही नखं आहेत? नांगर आहेत हे."

"कापलीत आजी. आता अजून कापली तर बोटं कापावी लागतील."

"मग येतं कुठून? आकाशातून पडतं?"

खार नळाकडे वळायची. हात धुवायची. तिचे हात इतके धुऊन धुऊन चिरले होते की जेवताना मिठाला बोट लागलं तर डोळे मिटायची. एकदा मी मध्ये पडले तर वन्सं माझ्यावरच आल्या. "लाड कर तू. मी गेल्यावर बापाच्या घरी जाऊन लाड करून ये."

वन्सं अजूनही रोज सकाळी कारखान्यात जात होत्या, हे सांगायला हवं. जागा राखायची तर जागेवर बसावं लागतं. तिथे आता त्यांना पहिल्या, जाड्या चाकाचंच काम देत, बारीक काम डोळ्यांना होत नव्हतं. दुपारी घरी येऊन त्या हातपाय धुवायच्या, घरचा स्वच्छ ॲप्रन चढवायच्या आणि खारीच्या मागे उभ्या राहायच्या.

मग एकदा श्वास फारच अडकला म्हणून त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. त्या दिवसांत खारीने एकटीने एक लहानशी चकती केली. मला बोलावून दाखवली. पुसली, वाळवली, ओठ लावला आणि माझ्याकडे बघितलं. चरा नव्हता. वन्सं घरी आल्या, शिकवणी सुरू झाली, आणि पहिल्याच चकतीवर चरा.

मी कारागीर नाही, पण दोन आणि दोन मला जोडता येतात. खारीला बाजूला घेतलं. "तुझ्या आजीच्या अंगावरून पडतंय ना ते?"

"माहीत आहे," ती म्हणाली.

"कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्यापासून. ती ओठ लावायला वाकते ना, तेव्हा तिला खोकला येतो. खोकली की डोक्यातून, मानेवरून पडतं. मी बघितलंय नमद्यावर."

"मग तोंड शिवलंय का तुझं? एवढ्या शिव्या खातेस ते?"

"सांगितलं तर ती कुठे बसेल, मामीआजी?"

मला आडवळणं घेता येत नाहीत. मी सरळ न्हाणीघरात गेले आणि म्हटलं, "वन्सं, चरे पोरीच्या हाताने पडत नाहीत. तुमच्या डोक्यातून पडतायत." त्यांनी दोरीवरचा काळा टॉवेल काढला, खिडकीपाशी नेऊन पसरला, अंबाडा सोडला आणि केस त्यावर झटकले. मग टॉवेलवरून बोट फिरवून ते बोट दातांखाली घेतलं. कचकन वाजलेलं मलाही ऐकू आलं.

"जाडी," त्या म्हणाल्या.

खार चाकापाशी उभी होती. "आजी, तू रोज केस धुवून आलीस तर—"

"नुसत्या केसांत असतं तर धुतलं असतं," वन्सं म्हणाल्या. ॲप्रन काढून खिळ्याला लावला, बोळात गेल्या आणि न्हाणीघराचं दार बाहेरून ओढून घेतलं.

त्या दिवसापासून वन्संची खुर्ची बोळात. बंद दाराला पाठ लावून बसायच्या आणि कानाने शिकवायच्या. मला चाकाचा एकच घुर्र आवाज यायचा, त्यांना त्यात सगळी वर्तमानपत्रं वाचता यायची.

"पाणी कमी झालंय. नळ बघ."

आतून नळ सोडल्याचा आवाज.

"दाब काढ. रडतंय ते. हं. आता गाठ आली ना? गाठीवर थांबू नको, ओलांडून जा."

"आजी, तुला गाठ कशी कळली?"

"लंगडलं ना चाक."

"जरा झोप तू आता."

"तू चुकेनाशी झालीस की झोपते."

मग खरंच चुकेनाशी झाली. बोळातल्या सूचना कमी कमी होत गेल्या. कधी कधी तासभर वन्सं नुसत्या मान हलवत बसायच्या, आणि मला वाटायचं आता तरी यांना बरं वाटत असेल. पण चेहरा तसाच ओढलेला. दार बंद, पोर आत, आपण बाहेर, आणि शिकवायला उरलेलंही काही नाही.

मालकाकडे न्यायची म्हणून जी मोठी चकती धरली होती, ती संपली तेव्हा खारीने ती वाळवून, दोन्ही हातांत धरून बोळात आणली. मधूनमधून लालसर, कडेला काळी, मधोमध एक गाठ. वन्संनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. "मला नको. कॉलेजवाले, तू ओठ लाव."

"मी?"

"तुला ओठ आहेत ना? आयुष्यभर चालवलेत की."

मी लावला. गार होतं, गुळगुळीत होतं, आणि मग एका जागी काहीतरी लागलं. पोर माझ्याकडे बघत होती. खोटं बोलावं असं मनात आलंही असेल, पण तोंडात आलं नाही. "रेघ आहे एक."

"सरळ की वाकडी?"

"मला काय कळतंय."

"एवढी शिकलीस आणि सरळ वाकडं कळत नाही? सरळ असली तर चरा, वाकडी असली तर लाकडाची."

"आजी, ती लाकडाचीच आहे," खार म्हणाली. "कडं आहे ते. तिथे लाकूड जरा मऊ राहिलंय. मी सोडलंय तसंच."

वन्संनी तिच्याकडे बघितलं. चकतीकडे नाही. "तुला माहीत आहे ना?"

"हो."

"मग झालं."

सोमवारी जायचं ठरलं. चकती वन्संना उचलवत नव्हती, आणि रिवाजाप्रमाणे खारीने यायचं नाही, म्हणून चकती मी धरायची आणि बोलायचं वन्संनी. सकाळी त्यांनी केस धुतले, माझ्या कपाटातले स्वच्छ कपडे घातले, ते त्यांना इतके सैल झाले की खांद्याला पिना लावाव्या लागल्या. दारात गाडी उभी. मी चकती टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन आत बसले. वन्संनी एक पाय गाडीत ठेवला. मागच्या न्हाणीघरात खारीने दुसरी चकती लावली होती, चाकाचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. आवाज थांबला, आणि पोर खोकली.

"बसा," मी म्हटलं.

"थांब."

पुन्हा खोकली. वन्संनी पाय गाडीतून बाहेर घेतला.

"अहो, सर्दी असेल. दिवसभर पाण्यात उभी असते ती."

"सर्दीचा ओला असतो. हा कोरडा आहे."

"एवढ्यात काही होत नाही. मी डॉक्टरीणबाईंना विचारलंय."

"माझंही एवढ्यात काही झालं नव्हतं," वन्सं म्हणाल्या आणि पायरीवर बसल्या.

मी चकती घेऊन तशीच बसून. गाडीवाला आरशातून बघत होता. मी म्हटलं, "मग काय करायचं? नाही द्यायची जागा?"

"नाही दिली तर बाप नेईल."

"मग द्या."

"दिली तर—" म्हणाल्या, आणि पुढचं त्यांच्या स्वतःच्या खोकल्यात गेलं.

खार ओल्या हातांनी बाहेर आली. "आजी, अजून गेली नाहीस?"

"चप्पल तुटली," वन्सं म्हणाल्या. चप्पल धड होती. खारीने चपलेकडे बघितलं, आजीकडे बघितलं, आणि आत जाऊन चाक चालू केलं.

गाडीवाला म्हणाला, "येताय का नाही, बाई?"

"पुढच्या सोमवारी ये," वन्संनी त्याला सांगितलं.

तो आठवडा कसा गेला ते मला नीट सांगता यायचं नाही. सकाळी म्हणायच्या देऊ, संध्याकाळी म्हणायच्या नको. मध्येच खारीला जवळ बसवून तिच्या पाठीला कान लावायच्या. "श्वास घे. सोड. परत घे." खार म्हणायची, "आजी, मी चाक आहे का?" त्या सोडायच्या नाहीत. कान लावलेलाच, डोळे मिटलेले, जशा चकतीवर वाकायच्या तशा. काय ऐकलं ते कधी बोलल्या नाहीत. मी चिडले. म्हटलं, हो तरी म्हणा नाहीतर नाही तरी म्हणा, पोरीचा जीव टांगून ठेवलाय तुम्ही. तर म्हणाल्या, "माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस, कॉलेजवाले? पटकन सांग." मी पटकन काय, अजूनही सांगितलेलं नाही.

रविवारी त्यांना परत दवाखान्यात न्यावं लागलं आणि तिथून त्या घरी आल्या नाहीत. नंतर मी एकटी चकती घेऊन मालकाकडे गेले. त्याने ती उजेडात तिरकी धरून बघितली, दोनदा बघितली. "काम पहिल्या दर्जाचं आहे, बाई," म्हणाला. "पण जागा तुमची नव्हती. तुम्ही कशी देणार?" तिथे आता मशीन आहे. खारीला तिचा बाप येऊन घेऊन गेला. मी भांडले, दारात आडवी उभी राहिले, पण पोर स्वतःच पिशवी उचलून म्हणाली, "राहू दे मामीआजी, तू तरी किती दिवस पुरणार." तिचा खोकला पुढे राहिला की गेला, ते मला माहीत नाही. विचारलं तर फोनवर म्हणते, बरी आहे. तिच्या मागे भांड्यांचा आवाज असतो.

वन्सं, आता परत तुमच्याकडे वळते. त्या दुसऱ्या सोमवारी मी दवाखान्यात तुमच्या खाटेपाशी बसले होते. तोंडात नळी, डोळे उघडे. तुम्ही माझ्या मनगटावर बोट आपटत होता, जाऊ या म्हणून की जाऊ नको म्हणून, ते तुम्हाला सांगता येत नव्हतं आणि मला कळत नव्हतं. मी आपली म्हणत राहिले, बरं वाटलं की जाऊ, मी धरते, तुम्ही बोला. गाडीवाला ठरल्याप्रमाणे आला होता म्हणे. शेजारणीने सांगितलं. घराच्या दारात थांबला, हॉर्न वाजवला, आतून कुणी आलं नाही तेव्हा गेला.